आईंचा डोळा, बंद गॅस आणि चार वाजताचा खाऊ : प्रकल्प नोंदी

शनिवार, २६ एप्रिल २०२५. सांगली.

परवा आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं. डॉक्टरांनी महिनाभराचं पथ्य सांगितलं: काळा चष्मा, वेळेवर थेंब, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि गॅससमोर उभं राहायचं नाही. बाकी सगळ्याला आईंनी मान डोलावली, शेवटचं ऐकून मात्र चेहरा उतरला. मुलांचा चार वाजताचा खाऊ गेली सहा वर्षं त्यांच्याकडे आहे. मी ऑफिसातून साडेपाचला सुटते, हे आठला येतात, दुकान बंद करून. आणि मुलांना आजपासूनच सुटी.

आज मी घरात असूनही गडबडीत चारला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. दोघांनी मिळून अख्खा संपवला. रात्री ताटावर बसले तेव्हा भूक नाही. एक दिवस ठीक आहे, महिनाभर हे चालणार नाही. म्हणून ही वही.

ठरलं ते असं. मी घरात नसताना गॅस, मिक्सर, सुरी, विळी सगळं बंद. हात मुलांचे (मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा), सांगणं आज्जीचं, तेही खुर्चीतून. चिरायचं-खवायचं ते मी सकाळी उरकून झाकून ठेवणार. चारला हात धुतले की वीस मिनिटांत खाऊ वाटीत यायला हवा.

रात्री फळी बघितली. चुरमुरे, पातळ पोहे, डाळं, भाजके दाणे, गूळ, खजूर, बेदाणे, सुकं खोबरं, मेतकूट, राजगिऱ्याच्या लाह्या. एवढं असताना मी बिस्किटांचा पुडा फोडला होता.

रविवार, २७ एप्रिल

दाण्याचे लाडू. सुरुवात यानं केली, कारण सोपे वाटले होते.

पहिला घाणा फसला. दोन वाट्या दाण्याचं कूट, एक वाटी किसलेला गूळ. लाडू वळला की हातात लाडू, ताटलीत ठेवला की भुगा. धाकट्यानं तीनदा वळला, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. कारणं दोन निघाली. गूळ चिक्कीचा होता, कडक आणि कोरडा. तो पाकासाठीच करतात, नुसता मिसळला तर धरत नाही. दुसरं कारण कूट. ते मी मिक्सरला दोन झटके देऊन काढलं होतं.

आईंनी खलबत्ता मागवला. पितळी, जड, त्यांच्या माहेरचा. दाणे उडू नयेत म्हणून मोठीनं जुन्या रुमालाला मधोमध भोक पाडून तो बत्त्यात ओवला आणि खलावर पसरला. पहिले पन्नासेक ठोके दाणे नुसते फुटतात. मग भुरभुरीत कूट होतं, आणि मुलं तिथेच थांबतात, कारण बघायला गेलं तर कूट झालेलं असतं. आईंना काळ्या चष्म्यातून खलातलं काही दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला दाखवू नका, कुटत राहा, मी ऐकते." कोरड्या कुटात बत्ता टणटण वाजतो. दाणे तेल सोडायला लागले की आवाज दबतो, ओल्या मातीत पाय टाकल्यासारखा होतो. कूट खलाच्या कडेला धरतं, चिमटीत घेतलं तर बोटांवर तुकतुकी येते. "आता गूळ," आई म्हणाल्या. मी झाकण काढून बघितलं, बरोबर त्याच वेळेला तेल सुटलं होतं.

गूळ बदलला. कोपऱ्यावरच्या दुकानातून काळपट, मऊ कोल्हापुरी गूळ आणला. पिवळाधमक दिसायला छान, पण या कामाला हाच बरा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे हे मी मुलांना सांगितलं, त्यांना खडा चाखण्यात जास्त रस होता.

दोन वाट्या कूट, पाऊण वाटी मऊ गूळ, चिमूटभर वेलदोडा. तूप लागलंच नाही, दाण्याच्या तेलानंच धरले. लिंबाएवढे चौदा लाडू झाले.

शेजारची तीन वर्षांची चिमुरडी चारला हमखास येते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे द्यायचे नाहीत, घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. तिला लाडूच द्यायचा, तोही मोडून, मांडीवर बसवून. आणि तिच्या आईला विचारून, दाण्यांचा त्रास आहे का ते. विचारलं, नाही म्हणाली. मोठीनं वहीच्या मागच्या पानावर हा नियम लाल पेनानं लिहिला.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय्य तृतीया

ऑफिसला रजा. आम्रखंड. चार वाजताच्या वीस मिनिटांत न बसणारं, पण सणाला गोड हवं आणि आईंना शेगडीपाशी जायचं नाही.

काल रात्री एक किलो घट्ट दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर, खाली पातेलं, आणि सगळंच फ्रिजमध्ये ठेवलं. खुंटीला टांगलं असतं तर या उन्हाळ्यात सकाळपर्यंत चक्का आंबट झाला असता. सकाळी चक्का ४२० ग्रॅम. खाली उरलेल्या पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवली.

पिठीसाखर चक्क्यात मिसळून तासभर ठेवायची. साखर विरघळली की चक्का सैल होतो आणि पुरणाच्या चाळणीतून सहज उतरतो. हे काम धाकट्याचं, वाटीच्या बुडानं घासायचं. पाऊण तास लागला त्याला, कुणाला हात लावू दिला नाही. मग एका हापूसचा रस, केशर, बेदाणे.

शनिवार, ३ मे

आज खाऊ घरी केला नाही. मुलांना चुरमुऱ्याच्या भट्टीवर घेऊन गेले. ही नोंद लांबणार आहे.

आमच्या भागात अजून अशा भट्ट्या आहेत, गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. दारातच धग लागते. उकडा तांदूळ मिठाच्या पाण्यात घोळवलेला. पहिल्या कढईत तो मंद आचेवर हलवत राहतात, दाणा आतून तापून निघेपर्यंत. दुसऱ्या कढईत वाळू, वापरून वापरून काळी झालेली आणि इतकी तापलेली की वरची हवा थरथरताना दिसते. तिथल्या काकांनी ओंजळभर तांदूळ वाळूत टाकला आणि लांब दांड्याच्या झाऱ्यानं एकदा, दोनदा, तीनदा उलथला. बारीक फडफड झाली आणि काळ्या वाळूतून पांढरे चुरमुरे वर आले. मोठीनं आकडे मोजले, बारापर्यंत पोचली नाही. लगेच मोठ्या चाळणीवर ओतलं, वाळू खाली, चुरमुरे वर.

काकांनी समजावलं ते इतकं सोपं होतं की तसंच उतरवते. दाण्यात थोडं पाणी असतं. वाळू चहूबाजूंनी एकदम तापवते, पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते, मग ती दाणाच फुगवते. वाळू कमी तापलेली असली तर वाफ हळूहळू निघून जाते, दाणा कडक राहतो आणि फुलत नाही. त्या माणसाच्या डोक्यावर ओला पंचा होता. तो सुकला की परत भिजवत होता. दिवसाला कितीदा भिजवता, असं धाकट्यानं विचारलं. ते म्हणाले, "मोजलं नाही बाळा, पण सकाळी सहाला लागलोय."

कागदाच्या पुडीत त्यांनी गरम चुरमुरे दिले. दुकानातला थंड आणि हा गरम, दोन वेगळे पदार्थ आहेत. जिभेवर ठेवला की चावायच्या आत विरतो.

परत येताना रिक्षात मोठी म्हणाली, "म्हणजे आपण गॅस न लावता करतो असं नाहीच. आपल्या आधी कुणीतरी लावलेला असतो."

मला हे सुचलं नव्हतं. घरी येऊन सगळी फळी त्या नजरेनं लावली. पोहे भात, म्हणजे सालासकट तांदूळ, भिजवून, भट्टीत भाजून, मग चेपलेले. डाळं म्हणजे हरभरा भाजून, सालं काढून. मेतकुटातल्या डाळी, तांदूळ, गहू सगळं भाजून दळलेलं. गूळ गुऱ्हाळातल्या काहिलीत तासन्‌तास आटलेला. या फळीवर आगीचं काम आधीच करून ठेवलेलं आहे, म्हणून मुलं ते वीस मिनिटांत जुळवू शकतात. आपल्याकडचा सुका खाऊ असाच घडला असणार, प्रवासाला, शेतावर, शाळेच्या मधल्या सुटीत जिथे चूल नाही तिथे नेता यावा म्हणून.

मोठीनं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: "भट्टी", "गुऱ्हाळ", "ऊन". बेदाण्यांवर तिनं "ऊन" लावलं तेव्हा आईंनी थांबवलं. त्यांचं माहेर तासगावचं. "आपल्याकडं बेदाणा उन्हात नाही, सावलीत वाळतो. शेडमध्ये जाळीवर द्राक्षं पसरतात, वारा आरपार जायला पाहिजे. उन्हात घातला तर काळा पडतो." चिठ्ठी बदलली. बेदाण्यांच्या बरणीवर आता "वारा" लिहिलंय.

मंगळवार, ६ मे

पहिल्यांदाच मी घरी नसताना. सव्वाचारला ऑफिसात फोन, धाकटा रडत होता. मोठीनं चुरमुऱ्यांत लाल तिखट घातलं, तिच्या अंदाजानं अर्धा चमचा. चमचा मोठा होता.

संध्याकाळी बसून परत केलं. तिखटाच्या जागी मेतकूट. चार मुठी चुरमुरे, एक चमचा कच्चं शेंगदाण्याचं तेल, दीड चमचा मेतकूट, मीठ, चिमूटभर पिठीसाखर, मूठभर डाळं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेल, दोन्ही हातांनी हलकं चोळून प्रत्येक चुरमुऱ्याला लागेल असं, मग मेतकूट. उलट केलं की मेतकूट सगळं तळाला बसतं आणि शेवटचा घास कडू लागतो. भडंगाला फोडणी लागते, हे भडंग नव्हे. पण कच्च्या तेलाचा वास ज्याला आवडतो त्याला हेच हवं असतं. मी कोकणातली, माझ्यासाठी हे कुरमुरे, आणि सांगलीत चौदा वर्षं काढूनही कच्चं तेल मला आधी नको वाटायचं. आज दोन वाट्या खाल्ल्या.

ओली भेळ करायची तर कांदा-टोमॅटो अगदी शेवटी. मुलांनी घड्याळ लावून बघितलं, टोमॅटो घातल्यावर सहाव्या मिनिटाला कुरकुरीतपणा गेला.

रविवार, ११ मे

दडपे पोहे. माझ्या माहेरचा पदार्थ, म्हणून आज सांगणं माझ्याकडे आणि आई ऐकायला.

नारळ मीच फोडला, आईंना जोर लावायला मनाई आहे. पाणी गाळून ठेवलं. खोबरं विळीच्या खवणीवर खवलं, अर्धं मुलांच्या तोंडात गेलं आणि ते मी धरूनच चालले होते. चार वाट्या पातळ पोहे, एक वाटी ओलं खोबरं, दोन बारीक चिरलेले कांदे, एक काकडी, कोथिंबीर, मीठ, साखर, एका लिंबाचा रस. मिरची मोठ्यांच्या वाटीत वेगळी. नारळाचं पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही. मग सगळं हलक्या हातानं कालवून, पातेल्यात दाबून, वर ताट आणि ताटावर पाण्यानं भरलेला तांब्या. वीस मिनिटं. दडपून ठेवायचे म्हणून दडपे. वाट बघण्याची वीस मिनिटं धाकट्यानं तांब्याशेजारी बसून काढली.

कांद्याचं पाणी, काकडीचं पाणी, खोबऱ्याचा ओलावा सगळं पोह्यांत मुरतं आणि पोहे भिजतात, गचगचीत होत नाहीत. पोहे पातळच हवेत. जाड पोहे इतक्या ओलाव्यात मऊ पडत नाहीत, दाताखाली चामट लागतात.

फोडणी नाही, तळलेला पोह्याचा पापड नाही. मला ते फार जाणवलं. हिंग-मोहरी-हळदीची फोडणी वर चुरचुरत पडली की या पोह्यांचा जो वास सुटतो तो लहानपणापासून नाकात आहे. जागा भरायला डाळं जाडसर कुटून पेरलं. कुरकुरीतपणा आला, वास आला नाही. मुलांना फरक माहीतच नाही, त्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

गुरुवार, १५ मे

धाकट्याचा हट्ट: केक. चर्चेअंती बिस्किटांचा रोल. आमच्या लहानपणी वाढदिवसाला ओव्हन नसलेल्या प्रत्येक घरात हा व्हायचा.

वीस मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्यानं चुरली. दोन मोठे चमचे कोको, तीन चमचे पिठीसाखर. दूध एक-एक चमचा घालायचं होतं, एकदम वाटी पालथी झाली. चिखल. आणखी सात बिस्किटं घालून सावरलं. कणकेसारखा गोळा झाला की दूध पुरे. सारण: सुक्या खोबऱ्याचा कीस, पिठीसाखर, घरचं लोणी. तूप लावलेल्या प्लास्टिकवर लाटून, सारण पसरून, चटईसारखं गुंडाळलं. फ्रीझरमध्ये दोन तास. बाहेर काढून लगेच कापला तर गोल चकत्या सुबक पडतात, कारण लोणी गोठलेलं असतं. दहा मिनिटांनी या उकाड्यात सुरीला चिकटायला लागतो.

दुसरा रोल खजुराचा केला. बिया काढलेला मऊ खजूर मळून, त्यात डाळ्याचं पीठ, कोको, खोबरं. साखर नाही, दूध नाही, त्यामुळे टिकतोही जास्त. मला हा आवडला. दोन्ही मुलांनी बिस्किटांचा जास्त चांगला म्हटलं आणि तसंच लिहून ठेवते. पण बिस्किटांचा महिन्यातून एकदा, खजुराचा आठवड्याला. यावर मी ठाम आहे.

गुरुवार, २२ मे

मेमध्ये असा पाऊस आठवत नाही. तीन दिवस सलग. चुरमुरे सादळले. दाण्याच्या लाडवांना बाहेरून चिकट ओल आली, गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो त्यामुळे. डाळंही मऊ.

चूक डब्याची. मोठ्या डब्यातून मुलं रोज चारदा झाकण उघडतात आणि दर वेळी दमट हवा आत. आता चुरमुरे पाच छोट्या डब्यांत भरले, एका दिवसाला एक. सादळलेले उन्हात घालायचे तर ऊन नाही. रात्री आई झोपल्यावर मीच गॅस लावला आणि लोखंडी कढईत मंद आचेवर परतून घेतले. पूर्ण गार होऊ दिले, मग भरले. गरम भरले असते तर आतल्या वाफेनंच परत सादळले असते.

अशा हवेत चालतो तो पोळीचा लाडू. इथे याला मलिदा म्हणतात. सकाळच्या पोळ्या हातानं बारीक कुस्करायच्या. तीन पोळ्यांना पाव वाटी गूळ, दोन चमचे पातळ तूप. तो मुळातच मऊ, त्याचं काय सादळणार. मात्र त्याच दिवशी संपवायचा. धाकटा पोळी कुस्करताना इतका रमतो की हे काम कायमचं त्याच्या नावावर केलं. महिन्यापूर्वी हाच मुलगा ताटातली पोळी ठेवून उठायचा.

सोमवार, २६ मे

मॉन्सून शनिवारीच केरळात पोचला, आज मुंबईत.

आईंची तपासणी झाली. डोळा उत्तम. डॉक्टर म्हणाले, आता स्वयंपाक करा, पाणी आणि धूर सांभाळा. रिक्षात आईंनी दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्यानं वाचल्या.

चारला मी घरीच होते. मुलांनी दडपे पोहे घेतले, सकाळी मी खोबरं खवून ठेवलं होतं. मोठीनं लिंबू पिळलं, धाकट्यानं तांब्या ठेवला. वीस मिनिटं झाली तशा आई उठल्या, चष्मा सारखा केला, छोटी कढली गॅसवर ठेवली. मुलं आपोआप ओट्यापासून चार पावलं मागे सरकली, महिनाभराचा नियम. तेल, मोहरी, हिंग, हळद, चार पानं कढीपत्ता. फोडणी पोह्यांवर पडली आणि चर्र झालं.

धाकटा नाक वर करून म्हणाला, "आज्जी, हा कशाचा वास?"

आई म्हणाल्या, "तुझ्या आईच्या माहेरचा."

वहीच्या मागच्या पानावर मोठीनं स्वतःची नोंद केली आहे: दडपे पोहे, मीठ सव्वा चमचा, छोटा चमचा, मोठा नाही. उद्या आणायचं: पातळ पोहे अर्धा किलो, लिंबं सहा, मेतकूट संपलंय.